सफरचंदांच्या खोलीतला पेंढा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे उभी राहिले तरी हात जोडून दुसरंच काहीतरी मागितलं आणि परत आले. लिहायची मला सवय नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, अक्षर अजून चौथीतलंच आहे. पण बोलणं त्याहून जमत नाही — लहानपणापासून तसंच. म्हणून लिहितेय. तुम्ही जे कोणी वाचत असाल, समोर बसून ऐकताय असं समजते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

सुरुवात सफरचंदांपासून करते. तेवढं सांगायला सोपं आहे.

तुमच्या कधी मनात आलंय का, की भर वैशाखात सफरचंद कुठून येतं? झाडावर तर ते भाद्रपद-आश्विनात पिकतं, तेही तिकडे लांब, हिमाचलात नाहीतर काश्मिरात. मग उन्हाळ्यात, इथे अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना, गाडीवर लाल सफरचंदं रचलेली असतात ती कुठली? मला तर हा प्रश्नच कधी पडला नव्हता. लग्न होऊन काशीगावात आले तेव्हा सफरचंद म्हणजे आजाऱ्याला न्यायचं फळ, एवढंच माहीत होतं. मग हायवेच्या बाजूला एक कोल्ड स्टोरेज उघडलं, शेजारच्या बायका निवडीच्या कामाला जायला लागल्या, आणि सासूबाईंनी मलाही त्यांच्याबरोबर धाडलं. ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद सालची. तेव्हा तिथे आजच्यासारख्या इमारती नव्हत्या. आवाराच्या मागे गवत होतं आणि पलीकडे एक तबेला.

आत जायच्या आधी एक मोठी पडवी होती, तिला सगळे पॅसेज म्हणायचे. पॅसेज बाहेरच्यापेक्षा गार, पण थंडगार नाही. तिथे आम्ही बायका तरटावर बसून पेट्या उघडायचो. लाकडी पेट्या, आत कागदाच्या कातरणात सफरचंदं. चांगली एकीकडे, डागी एकीकडे, नरम पडलेली तिसरीकडे. आतल्या खोलीतून काढलेली पेटी लगेच उन्हात नेत नसत, पॅसेजमध्ये तशीच ठेवत. एकदम बाहेर नेली तर सफरचंदाला घाम फुटतो. खरंच — सालीवर पाण्याचे थेंब उभे राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पदरानं पुसायला लागले, तर मिस्त्री ओरडले, "अगं मुके, पुसतेस काय? त्याला तापच आलाय जणू!"

मुकी हे माझं नाव तिथे पडलं होतं. मिस्त्री म्हणजे मशिनवाले, वयस्कर, रत्नागिरीकडचे. त्यांच्या कपड्यांना कायम मशिनमधल्या अमोनियाचा वास. बाकीच्या बायकांना ते खेकसायचे, पण मी काही विचारत नसे म्हणून की काय, मला आपणहून सांगायचे.

खोलीत रोज जायचं काम माझ्याकडे आलं ते कुणाला नको होतं म्हणून. फरशीवर पाणी शिंपडायचं असायचं. नुसतं थंड असून भागत नाही, हवा ओलीही लागते, नाहीतर सफरचंदं सुरकुततात. जाड दार, आत बुचाचं लाकूड भरलेलं, मोठी कडी. ते उघडलं की गारवा पायांवर पाण्यासारखा यायचा. बायका म्हणायच्या, नको बाई, हाडं दुखतात. मला मात्र तिथे जायला आवडायचं. नवऱ्याचा जुना स्वेटर, डोक्याला फडकं, हातात झारी. आत दिवा लावायचा तो कामापुरता, कारण बल्बचीसुद्धा ऊब लागते म्हणे. आणि त्या अंधारात छतापर्यंत पेट्या, मध्ये हवा खेळायला सोडलेल्या फटी, मशिनची घरघर, आणि तो वास. गोडसर, थंड. नव्या कपड्याच्या घडीसारखा.

तिथे कुणी बोलायला नव्हतं. माझ्यासारखीला आणखी काय हवं?

एकदा मिस्त्री म्हणाले, तोडलं म्हणून फळ मरत नाही, त्याचा श्वास चालूच असतो. मी हसले. त्यांनी मला नव्या आलेल्या मालाच्या दोन पेट्यांच्या मध्ये हात घालायला सांगितला. ऊब होती! थोडीशीच, पण होती — झोपलेल्या पोराच्या मानेजवळ असते तशी. नवा ट्रक लागला की मशिन जोरात चालवावी लागे ती त्यासाठी. सगळी सफरचंदं मिळून खोली तापवायची. थंडीनं त्यांचा श्वास मंद होतो, बंद होत नाही. जेवढा मंद तेवढं फळ जास्त टिकतं. आणि त्या मंद श्वासात ते पिकत राहतं. थंडीच्या सुरुवातीला आलेलं सफरचंद चावलं तर कडक, थोडं आंबट, दातांना पीठ लागल्यासारखं. तेच होळीनंतर चावून बघा, गोड. झाड तिकडे डोंगरात, पान नाही, ऊन नाही, मग गोडी येते कुठून? मिस्त्री म्हणाले, आतल्या पिठाचीच साखर होते. घरी जाऊन मी कोरडी भाकरी खूप वेळ तोंडात घोळवत बसले, तीही गोड लागायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "गिळ की आता, काय रवंथ करतेस?"

मी हे सगळं लांबवतेय. कळतंय मला.

निवडीला माझ्या शेजारी हिरा बसायची. भाईंदरपलीकडच्या मुर्धा गावची कोळीण. तिच्या घरचा मासळीचा धंदा बसला होता, नवरा पूर्वी मिठागरावर जायचा तेही बंद पडलेलं. तो नुसता ओट्यावर बसून असायचा आणि घर हिराच्या कमाईवर चालायचं. तिकडून ती भाईंदरला यायची, तिथून गाड्या बदलत इकडे काशीमिऱ्याला. तिच्याबरोबर मुर्ध्याच्या आणखी काही बायका असत, पण बोलणारी हीच. मी बोलत नसे म्हणून माझ्या वाटचंही ती बोलायची. व्यापारी आला की त्याची नक्कल, मुकादमाची नक्कल. सफरचंद हातात घेऊन म्हणायची, "गालफडं बघ गो हिची, शेठच्या सुनेसारखी. आतून पोकळ हाय की न्हाय ते दाबल्यावर कलंल." मला हसू आवरायचं नाही. हसताना मी तोंडावर पदर धरायची, तर ती पदर ओढायची — "दात हायत ना तुला? मग दाखव की!"

तिच्या डब्यात सुकट असायची, कधी बोंबलाचं कालवण. उन्हाळ्यात डबा आंबू नये म्हणून ती तो पॅसेजमध्ये, खोलीच्या दाराजवळच्या कठड्यावर ठेवायची. तसं ठेवायचं नसतं. सफरचंद वास धरतं. शेजारी कांदा ठेवा, कांद्याचा वास. रॉकेल ठेवा, रॉकेलचा. मिस्त्रींनी तिला एकदोनदा हटकलं होतं. ती म्हणाली, "दार लावलेलं असतंय ना दादा, डब्याला काय पाय हायत आत जायाला?" तेही खरंच होतं. डबा घट्ट झाकणाचा होता, दार हातभर जाड. पण सगळ्यांनी तो तिथे पाहिलेला होता, हे लक्षात ठेवा.

आता आंब्यांकडे येते.

आमच्या घरामागे रायवळ आंब्याचं झाड होतं. त्या वर्षी फार लागलं होतं. आणि माझ्या डोक्यात एक किडा शिरला. सफरचंद थंडीत आठ-आठ महिने राहतं, तर आंबा का नाही राहणार? निदान गणपतीपर्यंत? आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसतो. श्रावण सरला की आंब्याचं नावही निघत नाही. अशा वेळी नैवेद्याच्या ताटात आरतीला जमलेल्यांनी पिवळाधमक आंबा बघितला तर? कुणी आणला, कसा राहिला, म्हणून सगळे विचारतील. आणि मी — जिला घरात कुणी काही विचारत नाही — मी सांगेन. नैवेद्य हे निमित्त होतं. मला बघायचं होतं काय होतं ते. रात्रंदिवस तेच. आंब्याचा श्वास कसा असेल? तोही मंदावेल? आतल्या आत गोड होत राहील?

परवानगी मागायला बोलावं लागलं असतं. मी बोलले नाही. पाणी शिंपायला जाताना झाडाचे पाडाचे आंबे पिशवीतून, थोडे थोडे नेले. खोलीच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, थप्पीच्या आड, एक रिकामी पेटी होती. तिच्यात ठेवले, वर गोणपाट टाकलं.

आणि पेंढा घातला.

हीच ती चूक. माझं माहेर रोह्याच्या बाजूचं. वडील बागवानाकडे अढी लावायला जायचे. माळ्यावर आधी पेंढ्याचा थर, मग आंबे, मग पुन्हा पेंढा. आंबा आंब्याला टेकता कामा नये, प्रत्येकाला पेंढ्याची कूस. आम्ही पोरं पेंढ्यात हात घालून न बघता ओळखायचो कुठला पिकला. आंबा ठेवायचा आणि पेंढा घालायचा नाही, हे माझ्या मनात येऊच शकलं नाही. तबेल्याजवळच्या गंजीतून कोरडा, सोनेरी पेंढा आणला, छान कूस केली. आणि मग रोज, आपल्याच हातानं, त्या खोलीत पाणी शिंपत राहिले.

पहिले दिवस किती आनंदात गेले म्हणून सांगू. घरच्या माळ्यावरचे आंबे पिवळे होऊन खाऊन संपले, आणि माझे तसेच! हिरवे, कडक, गार. रोज गोणपाट उचलून एकाला हात लावायची. नाकाशी धरायची, वास नाही. अंगठ्यानं दाबायची, दबत नाही. मला वाटलं जमलं. हिरा विचारायची, "काय गो, आत कुणी बसलाय काय तुझा? येतेस ती हसत येतेस."

मग एक दिवस सालीवर करडे ठिपके दिसले. मला वाटलं धूळ. पुसले, गेले नाहीत. काही दिवसांनी ठिपके मोठे झाले, साल खड्ड्याखड्ड्यानं बसली. आणि पेंढा — पेंढा हाताला ओला, काळपट लागला. त्याला वास होता. कुबट. पावसाळ्यात बंद राहिलेल्या पेटाऱ्यासारखा.

तो वास मला आला होता. हे मी लिहून ठेवते. कुणाच्याही आधी, कितीतरी दिवस आधी, मला आला होता. सफरचंद वास धरतं हे मला माहीत होतं. तेव्हाच गोणपाटासकट सगळं उचलून बाहेर टाकायला हवं होतं. का नाही टाकलं? भीती वाटली म्हणून? नाही. तेव्हा अजून भीती नव्हती. मला वाटलं, आणखी थोडे दिवस बघू या, पुढे काय होतं.

ज्येष्ठ लागला आणि त्या बाजूचा माल निघाला. ते दिवस भावाचे असतात, त्याच्यासाठीच व्यापारी माल इतका थांबवून ठेवतात. व्यापारी स्वतः आला, पॅसेजमध्ये उभ्यानं एक सफरचंद सुरीनं कापून त्यानं तोंडात टाकलं आणि तिथेच थुंकला.

"ये क्या है? मुँह में बास आ रहा है!"

दुसरं कापलं, तिसरं कापलं. दिसायला सुंदर, लाल, पण चव कुबट. मुकादमानं खाल्लं, त्यानंही तोंड वाकडं केलं. कोल्ड स्टोरेजचे मालक, शेठ आले. शेठ तसे शांत माणूस, पण व्यापारी सगळा माल परत करीन म्हणायला लागला तेव्हा तेही चढले. आम्ही सगळ्या तरटावर बसलेल्या, हातातली कामं थांबलेली. मला कानात नुसती मशिनची घरघर ऐकू येत होती. आता खोली बघतील. आता मागच्या कोपऱ्यात जातील.

कुणी गेलंच नाही. जायची गरज कुणाला वाटली नाही. मुकादमानं नाक उडवून कठड्याकडे बघितलं — हिराचा डबा. बस. वास कसला आहे, कुठून येतोय, हे मग कुणी नाकानं शोधलंच नाही. "मच्छी का बास है," व्यापारी म्हणाला. आता त्यालाही तो तसाच लागायला लागला होता. सुक्या मासळीचा वास कुठे, ओल्या पेंढ्याचा कुठे! पण एकदा नाव मिळालं की माणसाला तोच वास यायला लागतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

हिरा उभी राहिली. "डबा भाईर असतोय माझा. आत मी कवा जातंय? मिस्त्रीदादा, तुम्ही सांगा." मिस्त्री मशिनकडे वळले. त्यांनी हटकलं होतं, तिनं ऐकलं नव्हतं, ते तरी काय सांगणार?

मग शेठनी माझ्याकडे बघितलं.

"ये लडकी रोज अंदर जाती है," ते म्हणाले. "ये झूठ नहीं बोलेगी. बोल बेटा, अंदर मच्छी का बास आता है ना?"

मी खोटं बोलत नाही असं त्यांना का वाटलं असेल? मी बोलतच नव्हते म्हणून. लोकांना गप्प माणूस खरा वाटतो. मलाही तोवर तसंच वाटत होतं, की मी कुणाचं वाईट करू शकत नाही, कारण मी तोंडच उघडत नाही.

मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. मान हलवली. हो म्हणून.

एवढंच. घाबरून हलली असं म्हणता येणार नाही. हिराकडे एकदा बघून, समजून हलवली. ती माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असणार, ही आता नाही म्हणेल.

हिराला त्याच क्षणी जायला सांगितलं. मुर्ध्याच्या बाकीच्या बायकांनाही उद्यापासून येऊ नका म्हणाले, आणि त्यानंतर त्या गावच्या कुणालाच तिथे कामावर घेतलं नाही. माझ्या एका मानेवर किती घरं होती, ते मी तेव्हा मोजलं नाही. आताही मोजायची हिंमत नाही.

शेठ मला म्हणाले, तो डबा बाहेर टाकून ये, आणि आत सगळी फरशी धू. सगळी खोली माझ्या एकटीच्या हातात दिली. मी पेंढा, गोणपाट, आंबे, सगळं कचऱ्याच्या पोत्यात भरलं. एका हातात पोतं, एका हातात हिराचा डबा. कुणी विचारलं नाही. आवाराच्या मागे गवतात गेले. पोतं तबेल्याच्या उकिरड्यावर उपडं केलं. डब्याचं झाकण उघडलं. त्या दिवशी आत तांदळाची भाकरी होती आणि चवळीची उसळ. वास होता तो लसणाचा.

आता जे लिहिणार आहे ते मान हलवण्यापेक्षा वाईट आहे. निदान मला तसं वाटतं. तुम्हाला काय वाटेल ते वाटो.

डबा गवतावर ठेवून मी एक आंबा कापला. निवडीची सुरी कमरेला होतीच. साल काळी पडलेली, जागोजागी खचलेली. आतून मला वाटलं सडलेला निघेल. नव्हता. आत फिकट, पांढुरका, कडक गर, कुठे कुठे राखाडी रेघा. पिकलेला नाही, कच्चाही नाही. चाटून बघितला, ना आंबट ना गोड. वास नाही. आणि मी तिथे उभी राहून विचार करायला लागले. म्हणजे आंबा थंडीत मंदावत नाही, तो मरतो. सफरचंद थंडीच्या मुलखातलं, त्याला ती सोसते. आंबा आपल्यासारखा, उन्हातला. त्याचा श्वास नुसता हळू होत नाही, आतलं काहीतरी मोडतं, मग त्याला परत उबेत आणलं तरी तो पिकायचा नाही. खरंच नाही पिकायचा? म्हणून एक बरा आंबा मी पदराच्या गाठीत बांधला, घरी चुलीजवळ ठेवून बघायला.

पलीकडे फाटकाशी हिरा रडत उभी होती. तिचा आवाज मला येत होता. आणि मी आंब्याचा विचार करत होते. मन लावून. त्या घटकेला मला तिचं दुःख लागलं नाही, मला फक्त त्या फळात काय झालं हे हवं होतं.

डबा टाकला नाही. नेऊन तिच्या हातात दिला. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली — मला वाटलं आता शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं झालं असतं — ती म्हणाली, "तुला वास येत व्हता तर मना तरी सांगायचंस गो. मी दुसरीकडं ठेवला असता डबा. तू बोलत न्हाईस, हेच तुझं वाईट."

तिनं विश्वास ठेवला होता. माझ्या मानेवर. आपल्याच डब्यानं तो माल नासला असं तिलाही वाटलं होतं.

मी पदराची गाठ मुठीत धरून उभी राहिले. ती निघून गेली.

आंबा चुलीजवळ ठेवला. पिकला नाही. सुकून दगड झाला, मग फेकला.

मी त्या कोल्ड स्टोरेजमध्ये पुढेही काम करत राहिले, खोलीचं दार माझ्याच हातात. भरवशाची म्हणून. आणखी कितीतरी गोष्टी कळल्या. जास्त दिवस राहिलेल्या सफरचंदाची साल तेलकट का लागते, बाहेरून लाल असून आत पिठूळ कुठलं निघणार ते वजनावरून कसं ओळखायचं. सगळ्याची मजा वाटायची. खरं सांगते, अजून वाटते. शिक्षा म्हणून माझी ती आवड तरी मेली असती, तर निदान काहीतरी फेडलं असं म्हणता आलं असतं. तसं झालं नाही.

गेल्या वर्षी माझं पोटाचं ऑपरेशन झालं. भाईंदरच्या एका लहान दवाखान्यात होते. दुपारी भेटायच्या वेळेला पडदा सारून आत कोण आलं? हिरा. केस पांढरे, अंगानं सुटलेली. बाजारात सुकी मासळी विकायला बसते म्हणाली. आमच्या गल्लीतल्या कुणाकडून तिला कळलं होतं. तिच्यामागे शाळेच्या कपड्यातली नात होती, तिच्या हातात पिशवी. पिशवीत सफरचंदं.

"मी हात न्हाय लावला हां," हिरा लांबूनच म्हणाली. "दुकानातून हिनंच निवडली, हिनंच पिशवीत घातली. सफरचंद वास धरतंय, माझ्याइतकं कुणाला म्हाईत?" आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे वळून, हसत, तिची ती जुनी नक्कल करायची ढब — "मी एकदा अख्खं गोदाम बाटवलंय माझ्या डब्यानं! इचारा हिला, ही साक्षीला व्हती."

ती बाई हसली. नात हसली, तिनं ही गोष्ट घरी बऱ्याचदा ऐकलेली दिसत होती. हिरानं माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. हो म्हणून. आणि हसले. तोंडावर पदर धरला, आणि तिनं तो ओढला नाही, तिचे हात तिनं मागे बांधून ठेवले होते. सगळा वेळ, बसून होती तोवर. निघतानाही माझ्या पांघरुणाला तिनं हात लावला नाही. नातीला म्हणाली, "पाया पड आजीच्या."

त्या गेल्यावर मी एक सफरचंद काढलं. दिवस उन्हाळ्याचे होते, म्हणजे ते कोल्ड स्टोरेजचंच असणार. देठाजवळ दाबून बघितलं, हातात वजन केलं. नाकाशी धरलं. वास चांगला होता, स्वच्छ, गोडसर. कापलं, आतून पांढरं आणि रसाळ होतं. कुणीतरी नीट राखलेलं होतं. मी ते सबंध खाल्लं.

हिरा अजून मुर्ध्यातच राहते. इथून रिक्षानं भाईंदर, पुढे दुसरी रिक्षा. वाट मला माहीत आहे. टाके सुटून कितीतरी दिवस झाले, मी सगळीकडे हिंडते-फिरते.

मी गेलेली नाही.